लाकडाची जिवाणी



क्षमावाणी झाली, उपवासांची पारणी झाली. आता थोडं भांडायला हरकत नाही.

यंदाच्या चातुर्मासात बोरिवली ते मुलुंड असे बरेच चौके पाहिले. काही ठिकाणी आहार द्यायला गेले, काही ठिकाणी नुसती हाताखाली मदत करायला. बऱ्याच ठिकाणी एक वाक्य अगदी अभिमानाने कानावर पडलं, "आमच्याकडे गॅस नाही हो काकू, चुलीवरचा शुद्ध आहार." आणि जिथे जिथे हे ऐकलं तिथे तिथे चूल धुमसत होती. भांडी काळी, भिंत काळी, फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचे डोळे लाल. मला त्या "शुद्ध" या शब्दाबद्दल बोलायचं आहे. चुलीशी माझं वैर नाही. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या माहेरी लग्नापर्यंत चुलीवरच स्वयंपाक केला आहे. माझं भांडण ओल्या लाकडाशी आहे, आणि ते न बघता चुलीत घालणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

आधी हे लाकूड येतं कुठून ते बघू. पावसाळ्यात झाडं आणि फांद्या पडू नयेत म्हणून एप्रिल-मे महिन्यांत महापालिका रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करते. सोसायट्याही परवानगी काढून आपल्या आवारातली झाडं छाटून घेतात. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ, कुठे आंबा, कुठे शेवगा. त्यातले जाड तुकडे कोणीतरी भला माणूस "चौक्याला होतील" म्हणून बाजूला काढून ठेवतो. वॉचमनच्या केबिनमागे त्यांचा ढीग होतो, जूनच्या पहिल्या सरीला त्यावर निळी ताडपत्री ओढली जाते आणि आषाढी चतुर्दशीनंतर त्याच ढिगातून ओढून चूल पेटते. म्हणजे झाड कापल्यापासून चुलीत जाईपर्यंत जेमतेम दोन महिने, आणि त्यातला एक पावसाचा. ज्यांना हेही मिळत नाही ते वखारीतून आणतात. वखारवाल्याला तुमच्या चातुर्मासाशी देणंघेणं नाही. तो वजनावर विकतो, आणि वजन पाण्यालाही असतं.

ताडपत्रीबद्दल आपल्याला केवढा विश्वास! झाकलं म्हणजे राखलं. खरं तर जमिनीला टेकलेल्या ढिगावर चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतलं पाणी आतच राहतं. लाकडातून निघालेली वाफ प्लास्टिकला लागते, थेंब होऊन परत लाकडावर पडते. उकाडा, अंधार आणि ओल, तिन्ही एकत्र. बुरशीला आणि किड्यांना याहून चांगलं घर तुम्ही पैसे देऊन बांधलं नसतं. श्रावणात एका ठिकाणी मी ताडपत्रीचा कोपरा उचलून पाहिला, तर खालच्या दोन ओंडक्यांना पालवी फुटली होती. शेवगा असावा. कापून टाकलं तरी ते झाड जिवंत होतं, पानं काढत होतं. दिवस अष्टमीचा. म्हणजे ज्या बायकांनी त्या दिवशी हिरवी भाजी चिरली नाही, ज्यांच्यातल्या एकीला पाचवी प्रतिमा आहे, सचित्ताचा जन्मभराचा त्याग आहे, त्यांच्याच चुलीत हिरवं, सचित्त लाकूड जळत होतं. याला शुद्ध म्हणायचं?

भगवान पार्श्वनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाराणसीचा तो राजकुमार पंचाग्नी तप करणाऱ्या तापसापाशी थांबला आणि म्हणाला, या लाकडात जीव आहेत. तापस चिडला. ओंडका फोडला तर आत नाग-नागिणीची जोडी, मरणाच्या दारात. कुमाराने त्यांना धर्माचे शब्द ऐकवले आणि ते धरणेंद्र-पद्मावती झाले. या कथेवर आपण प्रवचनं ऐकली, नाटुकली बसवली, पाठशाळेत मुलांकडून चित्रं काढून घेतली. बहुतेक वेळा तिचा अर्थ "ढोंगी तप वाईट" असा सांगितला जातो, आणि आपण मान डोलावतो, कारण आपण काही पंचाग्नी तप करत नाही. पण घर चालवणाऱ्या बाईने ही कथा ऐकली तर तिला त्यात दिसायला हवं ते सरपण. न तपासलेलं सरपण! तापसाचा दोष एवढाच होता की धर्माच्या नावाखाली त्याने लाकूड न बघता आगीत घातलं. हुमच्याला जाऊन आपण पद्मावतीची ओटी भरून येतो. ती आई जळणाच्या ओंडक्यातून आली, हे मात्र आपण चुलीसमोर बसल्यावर विसरतो. आणि पार्श्वप्रभूंच्या निर्वाणाची मोक्षसप्तमी येते श्रावण शुद्ध सप्तमीला, ऐन पावसात. निर्वाण लाडूचा पाक जर त्याच धुमसणाऱ्या लाकडावर होत असेल, तर काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी तर ही गोष्ट पुराणातली नाहीच. लाकडाच्या ढिगात साप बसणं आमच्या भागात नेहमीचं आहे. उंदीर ढिगात येतात, त्यांच्यामागे साप. तसं दिसलं तर काठी घेऊ नका, सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. पण सापाचं सोडा, तो पंचेंद्रिय आहे, दिसतो. मुंग्या आणि वाळवी त्रींद्रिय, भुंगेरे चतुरिंद्रिय, गोम, विंचू, सालीखालच्या अळ्या, हे सगळे त्रस जीव. गृहस्थाला स्वयंपाकातली आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही हे आचार्यांनीही मान्य केलं आहे. खांडणी, दळणी, चूल, पाण्याचा माठ आणि केरसुणी, या पाच जागी घरात हिंसा होतेच. पंचसूना ती हीच. दानाने त्या दोषाचा भार हलका होतो असं आपण मानतो. मी कॉमर्सची, मला खात्याचा हिशेब पटकन दिसतो. दानासाठी म्हणून चुलीतली हिंसाच दुप्पट केली, तर जमेची बाजू कुठली आणि खर्चाची कुठली?

आणि आपल्याला काळजी घेता येत नाही असंही नाही. पिठाची मर्यादा आपण किती कसोशीने पाळतो! थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. सुनेने चौथ्या दिवशीचं पीठ काढलं तर सासू डबा उलटा करून दाखवते. पाणी दुहेरी कापडातून गाळतो, दोन घडी झाल्या की पुन्हा गाळतो, आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी जिथलं पाणी तिथे परत सोडायची हे आजीने हात धरून शिकवलेलं असतं. तांदूळ निवडतो, भाजी शोधतो, भेंडी उभी चिरून बघतो. मग सगळ्यात मोठा, सगळ्यात पोकळ, सगळ्यात जास्त जीव लपू शकतील असा जो पदार्थ चौक्यात येतो, त्याची मर्यादा कोणी विचारली? लाकडाची जिवाणी कोण काढतं आणि कुठे सोडतं?

मी एका मंडळात हे विचारलं. उत्तर आलं, "लाकूड थोडंच खायचं आहे?"

बरं, धर्म बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघू. ताज्या कापलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. म्हणजे १०० किलो ओलं लाकूड घेतलं तर त्यात ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी. तेच नीट वाळून पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांवर आलं की वजन भरतं साडेबासष्ट किलो. साडेसदतीस किलो पाण्याचे पैसे तुम्ही वखारवाल्याला मोजले, वर टेम्पोभाडं दिलं. हे पाणी चुलीत उडून जावं लागतं तेव्हा कुठे लाकूड पेट घेतं. नुसतं ते उडवण्यातच लाकडाच्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा जातो. खरा तोटा त्याच्याही पुढे आहे. पाणी उडेपर्यंत लाकूड पुरेसं तापत नाही, त्यातून निघालेला वायू जळत नाही, तो धूर होऊन बाहेर पडतो. जो जाळ व्हायला हवा होता तो आपल्या डोळ्यांत, छातीत आणि पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन बसतो. मग भात शिजायला वेळ, म्हणून आणखी लाकूड, म्हणून आणखी धूर. दहाला आहाराची वेळ आणि साडेनऊला आमटीला उकळी नाही, मग कोणीतरी हळूच तूप किंवा कापूर टाकतं. फुंकणी चालूच. अग्निकायिक आणि वायुकायिक जीवांचा विचार करणाऱ्यांनी फुंकणीचाही विचार करावा.

आणि धूर कोणाच्या वाट्याला? पडगाहनाला पुढे उभ्या राहणाऱ्यांच्या नाही. लाकूड मागवणारे विश्वस्त, ते आणून टाकणारे कार्यकर्ते, फोटो काढणारे, कोणाच्याच नाही. तो बसतो सुनांच्या वाट्याला. एका चौक्यात दम्याची एक मुलगी चुलीपाशी होती. पदर नाकाला लावून बसली होती. मी म्हटलं, अगं ऊठ, मी बसते. तर वडीलधारी बाई म्हणाल्या, "सोवळ्यातली तीच आहे, मध्येच बदलता येत नाही." गावोगावच्या बायका धुरातून सुटाव्यात म्हणून २०१६ साली सरकारने उज्ज्वला योजना काढली, सिलिंडर घरोघर पोचवले. आपल्या घरात नळाने गॅस येतो, आणि आपण दम्याच्या मुलीला धुरात बसवून त्याला तप म्हणतो. आपल्या इच्छेने, आपल्या शरीरावर केलं तर ते तप. दुसरीच्या छातीवर लादलं तर त्याचं नाव वेगळं आहे, आणि ते अणुव्रतांच्या यादीत सापडेल.

"पूर्वीपासून चालत आलंय" असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, पूर्वी नक्की काय चालत होतं? माझ्या माहेरी जळणाचं वर्ष होळीच्या आसपास सुरू व्हायचं. बाभळीची लाकडं, तुरीच्या काटक्या, ऊस तुटल्यावर निघालेल्या खोडक्या, शेणी, सगळं उन्हात. आजी शेणी भिंतीला लावायची त्याही ओळीने, आणि मृग लागायच्या आत सगळं जळण सोप्यात किंवा गोठ्याच्या माळ्यावर चढलेलं असायचं. पावसात उघड्यावर जळण राहिलं तर घरच्या बाईची लाज जायची. ओलं लाकूड चुलीत घालणारी बाई आळशी, असा सरळ हिशेब होता. आणि चुलीत घालायच्या आधी लाकूड दगडावर दोनदा आपटायचं, हे तर लहान पोरीलाही ठाऊक होतं. चूल एकटी कधीच नव्हती, तिच्यामागे आठ-दहा महिन्यांचं वाळवणं होतं. आपण परंपरेतली चूल उचलली आणि वाळवणं गावी ठेवून आलो. आमच्या कोल्हापूरकडे अजून पाहा, होळी लहान करून शेणी दान करा असं लोकांना सांगितलं जातं आणि त्या शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला वापरल्या जातात. जळण हा विचार करायचा विषय आहे हे तिथे अजून लोकांना कळतं.

आता "आमच्याकडे जागा कुठे?" याचं उत्तर. आमच्या सोसायटीत मागच्या बागेच्या कोपऱ्यात आम्ही लाकडाची मांडणी केली आहे, तिसरं वर्ष चालू आहे. रीतसर कमिटीला पत्र दिलं. अग्निशमन दलाची गाडी जिथून फिरते तो पट्टा, मीटरची खोली आणि गाड्या, या तिन्हींपासून दूर जागा घेतली. हे आधी बघा, कारण वाळलेल्या लाकडाचा साठा म्हणजे आगीलाच निमंत्रण.

मांडणी अगदी साधी आहे. एका बंद झालेल्या दुकानातली लोखंडी पट्ट्यांची रॅक भंगारातून मिळाली. लांबी सहा फूट, उंची चार, खोली दीड. खाली विटांवर उभी केली, म्हणजे सगळ्यात खालचा थर जमिनीपासून वीतभर वर राहतो. वाळवीला माती आणि ओल लागते, जमिनीशी संबंध तोडला की ती लाकडाकडे फिरकत नाही, आणि औषध मारायची वेळच येत नाही. (वाळवीचं औषध मारलेलं लाकूड चौक्यात आणणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, नाहीतर लेख फार लांबेल.) वर पत्रा, पुढे आणि मागे हातभर बाहेर आलेला, मागच्या बाजूला उतार. बाजू चारही उघड्या. भिंतीपासून हातभर अंतर. लोक म्हणाले, बाजूने पाऊस लागेल. लागतो, वरवर. पण मागून पुढून वारा खेळत असेल तर दोन तासांत ती ओल जाते. लाकडाला वरून पाऊस नको आणि बाजूने वारा हवा, बस.

लाकूड आलं की त्याच आठवड्यात दोन कामं करून घ्यायची. जाड ओंडके उभे फोडून मनगटाएवढे करायचे, आणि साल सोलायची. लाकूड मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून वाळतं, साल पाणी अडवते. शिवाय पोखरणारे भुंगेरे अंडी घालतात ती बरीचशी सालीत आणि सालीखाली. ओली असताना साल हाताने निघते, महिन्याने कोयता लागतो. साल काढून लाकूड लगेच वाऱ्यावर ठेवलं तर बऱ्याच जातींचे किडे त्यात घरच करत नाहीत. पुढे चुलीत जीव जाळण्यापेक्षा त्यांना आधीच येऊ न देणं, यत्नाचार म्हणतात तो हाच. रचताना कापलेली टोकं वाऱ्याकडे. थर फार गच्च नको, हात आत जाईल एवढ्या फटी हव्यात.

मग वाट बघायची, आणि ही वाट वर्षाची आहे. मुंबईची हवा पावसाळ्यात इतकी दमट की छताखालचं लाकूडही तेव्हा फारसं वाळत नाही, फक्त भिजत नाही. खरं वाळणं कार्तिकापासून वैशाखापर्यंत. म्हणून या मे महिन्यात कापलेलं लाकूड पुढच्या आषाढात वापरायचं. यंदाच्या आषाढात अजिबात नाही.

वाळलं कसं कळणार? दोन तुकडे एकमेकांवर आपटले की सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं बद्द आवाज देतं. टोकांना चिरा पडतात. पण मला अंदाजापेक्षा आकडा आवडतो. दर मांडणीतले तीन तुकडे खूण करून ठेवले आहेत, महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते आणि वहीत लिहिते. वजन घटत राहतं, मग हळू घटतं, मग दोन महिने जवळपास तेच येतं. ते थांबलं की लाकूड या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. वापरायचंही आधी आलेलं आधी. दुकानदाराला हे शिकवावं लागत नाही, आपल्याला लागतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाळवलं म्हणजे लाकूड निर्जंतुक झालं, असं नाही. काही भुंगेऱ्यांच्या अळ्या सुक्या लाकडातही राहतात. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा पिठूळ भुसा दिसला की समजायचं आत कोणीतरी आहे. तसा तुकडा चुलीत जात नाही. तो बागेच्या टोकाला झाडाखाली ठेवते, तिथे त्याचं जे व्हायचं ते होवो. माझ्या लेखी ही लाकडाची जिवाणी. शंभरातले सात-आठ तुकडे असे बाजूला जातात. बाकीचे रोज सकाळी उजेडात, दगडावर आपटून, मऊ कुंच्याने झाडून मगच आत. सूर्योदयाआधी अंधारात चूल पेटवायची नाही, कारण काय झाडतोय ते दिसत नाही.

जुन्या फर्निचरचं प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या, मालाच्या खोक्यांचं लाकूड, हे "कोरडं आहे" म्हणून आणतात, तेही बंद करा. प्लायवूडमध्ये गोंद आणि रसायनं असतात. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडी चौकटींवर शिक्का असतो, एचटी नाहीतर एमबी. पहिल्याचा अर्थ लाकूड किडे मरेपर्यंत तापवलं, दुसऱ्याचा अर्थ मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिली. दोन्ही आधीच किडे मारून आलेली. आणि उद्यानाच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बायकांकडून लाकूड घेऊ नका. त्यांना बोल लावू नका, त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. पण संरक्षित जंगलातली मोळी विकत घेऊन ती मागणी आपण वाढवायची नाही. वनकर्म आणि अंगारकर्म हे निषिद्ध धंदे पंधरा कर्मादानांत कशासाठी घातले आहेत, तेही एकदा आठवावं.

आता हिशेब. आमच्या चौक्यात सुकं लाकूड रोज सरासरी पाच किलो लागतं. चार महिन्यांचे १२० दिवस, म्हणजे ६०० किलो. सहा बाय चार बाय दीडच्या एका मांडणीत साधारण साडेतीनशे किलो मावतं. म्हणजे यंदाच्या लाकडाला दोन मांडण्या, आणि पुढच्या वर्षीसाठी वाळत ठेवलेल्याला आणखी दोन. चार मांडण्या एका चुलीसाठी! आता तुम्हीच सांगा, एका उपनगरात पाच चौके आणि पाचही ठिकाणी चूल, हे कसं जमणार? जमत नाही, म्हणूनच निळी ताडपत्री येते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ठिकाणी वर्षभर आधी आणून, सोलून, फोडून, वाळवून, तपासून लाकूड वापरायची तयारी आहे, तिथे एक चूल ठेवा. बाकी सगळीकडे गॅस लावा, आणि मान खाली न घालता लावा. "गॅसमध्ये हिंसा नाही का?" आहे. आग तिथेही आहे, तो काढण्यात आणि आणण्यातही आरंभ आहे. पण त्याच्या नळीत अळ्या नाहीत, तो बटण फिरवल्यावर विझतो आणि जेवढा लागतो तेवढाच जळतो. दोन आरंभांतला कमी कुठला हे ओळखायला शास्त्री लागत नाही. आणि कृपा करून हे महाराजांच्या नावावर घालू नका. काही त्यागींचा चुलीचा नियम असतो, तो मान्य, त्यांच्यासाठीच ती एक चूल. पण मी ज्या चौक्यांबद्दल लिहिते आहे त्यांतल्या बहुतेक ठिकाणी महाराजांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. आग्रह आपला होता, कारण शेजारच्या चौक्यात चूल होती.

शिवाय जग कुठे चाललंय तेही बघा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेच्या प्रश्नावर लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या पाव भाजणाऱ्यांना, पोटावर पाय येत असताना भट्टी बदलायची वेळ आली. आपल्याला कोणी नोटीस दिलेली नाही. अहिंसेचं नाव घेणाऱ्यांनी नोटिशीची वाट बघावी का?

एक ताई मला म्हणाल्या, "तुम्ही लोकांची श्रद्धा मोडता." ताई, ओली लाकडं जाळल्याने श्रद्धा टिकत असेल तर ती फारच धुरकट आहे. आणखी एकींनी विचारलं, एवढं वाळवणं, सोलणं, वजन करणं कोण करणार, आम्हाला काय तेवढंच काम आहे? अगदी बरोबर. वेळ नसेल तर गॅस. वेळ असेल तर चूल. पण वेळही नाही आणि चूलही हवी, याचा भुर्दंड अळ्या आणि सुना भरतात.

कार्तिकी अष्टाह्निका झाली की आमच्या मंडळाची बैठक आहे. तिथे मी तीन गोष्टी लेखी देणार आहे: पुढच्या चातुर्मासात भागात एकच सामायिक चूल, तिचं लाकूड या मे महिन्यात छाटलेलं आणि आत्ता मांडणीत असलेलंच, आणि लाकूड मागवायचा अधिकार चुलीपाशी बसणाऱ्या बायकांकडे. यंदाच्या खुणेच्या तुकड्याचं वजन मे महिन्यात २ किलो १०० ग्रॅम होतं, काल १ किलो ६४० भरलं. अजून बरंच उतरायचं आहे. तुमच्यापैकी कोणाकडे जुनी लोखंडी रॅक पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा, दोन अजून हव्या आहेत.